पोलिसांविरुद्ध तक्रार आणि भरपाईचा दावा: पहिल्या दिवसापासून काय करायचं

पोलिसांनी विनाकारण मारहाण केली, रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, खोटा गुन्हा अडकवला, तक्रारच घेतली नाही, पैसे मागितले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, 'तक्रार करायची कुठे?' माझ्या मते त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. तुम्हाला नक्की काय हवंय, आणि घटनेला किती दिवस झालेत?

काय हवंय यावर वाट ठरते. संबंधित पोलिसावर खात्याने कारवाई करावी असं वाटत असेल तर अर्ज वरिष्ठांकडे आणि पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जातो. त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा असं वाटत असेल तर वाट न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जाते. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातली रिट याचिका, म्हणजे हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज. या तिन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात. मात्र एका ठिकाणी दिलेल्या अर्जामुळे दुसऱ्या ठिकाणची मुदत थांबत नाही. एसपी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या ऑफिसात चौकशी चालू आहे म्हणून लोक आठ-दहा महिने थांबतात, आणि मग दिवाणी न्यायालयात मुदतीच्या मुद्द्यावर अडतात.

दिवस मोजायचे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ मुळे. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल दावा लावायचा असेल, तर हे कलम सहा महिन्यांची मुदत घालतं. त्याचा तपशील पुढे येईलच, पण हा आकडा आत्ताच लक्षात ठेवा.

पहिले दोन दिवस

मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना. खासगी डॉक्टरकडे उपचार घ्या, पण सरकारी रुग्णालयाचा केस पेपर हवाच. डॉक्टर विचारतात, 'कशाने लागलं?' सोबत पोलीस उभा असला की माणूस 'पडलो' म्हणतो, आणि केस पेपरवर तेच लिहिलं जातं. पुढे प्रत्येक टप्प्यावर हा एक शब्द तुमच्याविरुद्ध वापरला जातो. म्हणून स्पष्ट सांगा: कोणी, कुठे, किती वाजता, कशाने मारलं. प्रत्येक वळ, सूज, मुका मार दाखवा, तळपायावरचा सुद्धा. डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा आणि प्रत मागा. जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण मुका मार नंतर जास्त काळानिळा दिसतो. फोटो ज्या मोबाईलमधून काढलेत तो मोबाईल जपा, मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीला न्यायालयात मूळ फाइलइतकं वजन मिळत नाही.

अटक झाली असेल तर याहून मोठी संधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत हजर करणं बंधनकारक आहे. हजर केल्यावर न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' बाहेरच्या व्हरांड्यात दम दिलेला असतो, मागे तोच हवालदार उभा असतो, आणि दहातले नऊ जण मान हलवून 'नाही' म्हणतात. रोजनाम्यात 'तक्रार नाही' अशी ओळ पडते. पुढे काहीही सांगायला गेलात की सरकारी वकील ती ओळ वाचून दाखवतात. म्हणून नातेवाइकांनो, तुम्ही बाहेर असाल तर वकिलाला आधीच सांगून ठेवा. आरोपीने तिथे फक्त एवढं म्हणायचं: 'होय साहेब, मारहाण झाली आहे, माझी वैद्यकीय तपासणी करा.' न्यायालयाने त्याची नोंद घेतली की तपासणीचा आदेश मागता येतो. भीतीपोटी तेव्हा 'नाही' म्हटलं असेल, तरी सगळं संपलं असं समजू नका. पुढच्या तारखेला किंवा कारागृहातून लेखी अर्ज देऊन, तेव्हा का बोलता आलं नाही हे सांगता येतं. जेलमध्ये दाखल होताना होणाऱ्या तपासणीतही जखमा दाखवा.

तिसरी गोष्ट सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअप आणि व्हरांड्यासकट, कॅमेरे लावायला सांगितले. चित्रीकरण १८ महिने जपायचं, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता', 'फुटेज ओव्हरराइट झालं' ही उत्तरं ठरलेली आहेत. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन कागद द्या. एक अर्ज पोलीस निरीक्षक आणि एसपी (शहरात पोलीस आयुक्त) यांना: अमुक तारखेचं, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंतचं, अमुक ठाण्यातल्या सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जतन करावं. दुसरा, माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्यात फुटेजसोबत त्या दिवसाच्या ठाणे दैनंदिनीतल्या म्हणजे स्टेशन डायरीतल्या नोंदी मागा. माहिती नाकारली तरी त्या नकाराला तारीख असते, आणि पुढे 'फुटेज कोणी मागितलंच नव्हतं' असं म्हणता येत नाही.

ठाण्याच्या आत मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा घालण्याची धमकी दिली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस ठाणं त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही. म्हणून तिथे मोबाईल नाचवत जा असं मी म्हणणार नाही. एकटं जाऊ नका, सोबत एक शांत डोक्याचा माणूस न्या. आवाज चढला, अंगाला हात लागला की '३५३ लावीन' हे वाक्य येतंच. सरकारी नोकरावर हल्ल्याचं ते जुनं कलम, भारतीय न्याय संहितेत आता १३२ आहे. तो उलटा गुन्हा एकदा दाखल झाला की तुमची तक्रार मागे पडते.

अर्ज कसा लिहायचा

बहुतेक अर्ज रागाच्या भरात लिहिलेले असतात. 'पोलिसांनी माझ्यावर घोर अन्याय केला असून मला न्याय मिळावा' या वाक्यावर कोणी काय चौकशी करणार? त्याऐवजी असं लिहा:

'दि. १० जानेवारी रोजी सायंकाळी साधारण ७.४० वाजता मी माझ्या दुकानात असताना वर्दीतील दोन व साध्या कपड्यातील एक असे तीन पोलीस आले. वर्दीतील एकाच्या खांद्यावर दोन तारे होते. नामपट्टी वाचता आली नाही, समोर आल्यास ओळखेन. कारण न सांगता मला सरकारी गाडीत बसवून ठाण्यात नेले. गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक मला आठवतात. ठाणे अंमलदाराच्या टेबलामागील खोलीत पट्ट्याने डाव्या मांडीवर व पाठीवर मारले. रात्री साधारण ११.३० वाजता कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडले. शेजारील दुकानदाराने मला नेताना पाहिले आहे.'

वेळ, जागा, अंग, हत्यार, साक्षीदार. नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. हुद्दा ओळखता येत असेल तर तो लिहा, दोन तारे म्हणजे बहुधा पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक). जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहू नका. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि एक वाढवून सांगितलेली गोष्ट उघडी पडली की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. अर्जाच्या शेवटी मागण्या क्रमाने लिहा: चौकशी, फुटेज जतन, गुन्हा नोंद, चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून.

अर्ज हातोहात दिलात तर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि वितरणाची नोंद छापून ठेवा. सोबत ईमेलही करा.

अर्ज कोणाकडे

पहिला अर्ज एसपी किंवा पोलीस आयुक्तांना, प्रत उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा शहरात एसीपींना (सहाय्यक पोलीस आयुक्त). इथून विभागीय चौकशी होऊ शकते आणि सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं इथपासून बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते. चौकशी मात्र खातंच करतं, आणि बऱ्याचदा तुमचा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' त्याच ठाण्यात परत येतो. तसं झालं तर लगेच लेखी हरकत घ्या.

म्हणूनच पोलीस तक्रार प्राधिकरण महत्त्वाचं. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रत्येक राज्याला अशी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्यासाठी एक आणि महसूल विभागांसाठी विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. राज्य प्राधिकरण मुंबईत आहे आणि त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, प्रक्रिया डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय तिथे चालतात. तुमची तक्रार यातल्या कोणत्या प्रकारात बसते ते अर्जातच लिहा, नाहीतर 'अधिकारक्षेत्रात येत नाही' असं पत्र येतं. नुसतं उद्धट बोलणं इथे टिकत नाही. प्राधिकरण शिक्षा देत नाही, शासनाला अहवाल पाठवतं, आणि तो नाकारायचा असेल तर शासनाला लेखी कारणं द्यावी लागतात. ही या व्यवस्थेची मोठी कमतरता आहे. तरीही तिथे झालेल्या साक्षी, पोलिसांनी दिलेलं लेखी म्हणणं आणि अहवाल हे पुढे न्यायालयात फार उपयोगी पडतात.

गोव्यात महाराष्ट्राचा कायदा लागू नाही. तिथे राज्याचं स्वतःचं पोलीस तक्रार प्राधिकरण पणजीत आहे.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जाता येतं, शुल्क नाही, वकील लागत नाही. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो. एकच तक्रार राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे पाठवू नका, राज्यात प्रलंबित असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हातात घेत नाही. लाच मागितली असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा.

गुन्हा दाखल करायचा असेल तर

ललिता कुमारी निकालापासून, म्हणजे २०१३ पासून, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. तरी स्वतःच्या सहकाऱ्याविरुद्ध ठाणं सहसा तो घेत नाही, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून हातात पावती देतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यातला क्रम असा. ठाण्याने नाकारलं तर कलम १७३(४) खाली एसपींना लेखी, पोस्टाने. त्यांनीही काही केलं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. आरोप सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल असेल तर १७५(४) लागतं: न्यायाधीश आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्या पोलिसाचं म्हणणं विचारात घेतात. म्हणजे आदेश होण्याआधीच त्याला सगळं कळतं. साक्षीदारांची तयारी त्याआधी झालेली असू द्या.

कबुलीसाठी केलेली मारहाण हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, गंभीर दुखापत असेल तर दहा. खटल्याला शासनाची मंजुरी लागते का हा वाद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ वर होतो. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, म्हणून मंजुरीच्या अर्जाची पोच सांभाळा.

कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची आहे, आणि कुटुंबाने ती संपण्याची वाट बघत बसू नये. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांच्या आई उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश टिकला.

दिवाणी दावा

इथे सगळ्यात जास्त लोक मुदतीवर हरतात. कलम १६१ प्रमाणे दावा कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत लावायचा, आणि त्याआधी त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस द्यायची. शासनालाही प्रतिवादी करायचं असेल, आणि करावंच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांना किंवा शासनाच्या सचिवांना पोचली पाहिजे. आता हिशेब करा. घटना १० जानेवारीची. दावा १० जुलैच्या आत. नोटीस पोचल्यानंतर दोन महिने पूर्ण व्हायला हवेत, म्हणजे ती एप्रिलअखेर तरी त्यांच्या टेबलावर हवी. म्हणजे वकील मार्चमध्ये ठरलेला हवा. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद वकील करू शकतात, पण त्यावर विसंबून सुरुवात करू नका. दाव्याच्या अर्जात नोटीस दिल्याची तारीख लिहायला विसरू नका, कायदा ती मागतो.

मारहाणीला ही सहा महिन्यांची मुदत लागते का? सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या निकालात, याच कलमावर बोलताना, खोटा पंचनामा करणं हे कर्तव्याच्या नावाखाली केलेलं कृत्य धरलं आणि मुदत लावली. दुसऱ्या निकालात, मद्रासच्या तशाच एका कायद्याखाली, संशयिताला मारणं मात्र कर्तव्याच्या नावाखाली येत नाही असं सांगितलं. म्हणजे मारहाणीच्या दाव्यात उशीर झाला असेल तर लढायला जागा आहे. मुदत कायद्याप्रमाणे बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलचा दावा तसाही एका वर्षातच लावावा लागतो. खोट्या खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून एक वर्षात. अशा दाव्यात नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. खटल्याला वाजवी कारण नव्हतं आणि तो आकसाने केला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं असेल तर ते आणखी अवघड होतं, म्हणून मूळ निकालपत्राची नक्कल नीट वाचून मगच दावा ठरवा.

भरपाई मागताना कागद मोजून घ्या: दवाखान्याची बिलं, बुडालेली मजुरी, बंद राहिलेलं दुकान, जप्त गाडीचं नुकसान, जामिनाचा आणि वकिलाचा खर्च. मानहानी आणि मनस्ताप यांची रक्कम वेगळी लिहा. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी बसते, त्यामुळे उगाच पन्नास लाखांचा आकडा टाकू नका. फी भरण्याची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते.

शासन एक जुना बचाव घेतं, त्याची माहिती असू द्या. मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाचं सोनं जप्त केलं आणि मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत, ठेवलं. तिथला हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल प्रकरणात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोलिसांचे अधिकार हे सार्वभौम अधिकार आहेत, म्हणून शासन भरपाई देणं लागत नाही. हा निकाल अन्यायकारक आहे असं मला वाटतं, आणि तो औपचारिकपणे पुसला गेलेला नसल्याने दिवाणी दाव्यांत आजही पुढे केला जातो.

रिट याचिका

मूलभूत हक्काचा भंग असेल तर हा बचाव चालत नाही. रुदुल शाह १९८३ (निर्दोष सुटूनही १४ वर्षं तुरुंगात, ३५ हजार रुपये), भीम सिंग १९८५ (बेकायदा अटक, ५० हजार), नीलाबती बेहेरा १९९३ (कोठडीत मृत्यू, दीड लाख), आणि अटकेचे नियम घालून देणारा डी. के. बसू, १९९६. या निकालांनी भरपाईची दारं उच्च न्यायालयातही उघडली. अनुच्छेद २२६ खाली मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे जाता येतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं.

रिट तेव्हा चालते जेव्हा कागदच बोलतात: अटकेची वेळ आणि हजर केल्याची वेळ यांत २४ तासांपेक्षा जास्त अंतर, जामीनपात्र गुन्ह्यात जामीन न देता डांबणं, वैद्यकीय अहवालातल्या ठळक जखमा. 'मारलं' आणि 'नाही मारलं' असा साक्षीपुराव्याचा वाद असेल तर उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे पाठवतं. रिट झाली तरी दावा उरतोच. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या खोट्या अटकेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५० लाख रुपये दिले. त्यांचा दिवाणी दावाही चालू होता, त्यात पुढे केरळ सरकारने तडजोडीने एक कोटी तीस लाख रुपये दिले.

वकील आणि दबाव

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१००. वकील मागताना 'दावा पोलिसांविरुद्ध आहे' हे आधीच सांगा. रोज त्याच ठाण्याशी काम असणारे काही वकील नाही म्हणतात, त्यांचा वेळ आणि तुमचा महिना दोन्ही वाचतात.

अर्ज पोचला की काही दिवसांत फोन येतो. आधी समजुतीचा, गावातल्या कोणातरी पुढाऱ्यामार्फत: 'मिटवून टाका, साहेब सॉरी म्हणतील.' ऐकला नाहीत तर जुन्या भांडणाची फाइल निघते. जबाबाला बोलावलं तर लेखी समजपत्र मागा. महिला, १५ वर्षांखालची मुलं आणि साठीपुढची माणसं यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. जबाब पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकू नका, आणि 'माझी आता काही तक्रार नाही' अशी ओळ मधे घातलेली असेल तर ते आपलं म्हणणं नाही हे त्याच दिवशी ईमेलने एसपींना कळवा. तडजोड करायचीच असेल तर ती वकिलासमोर, लेखी, आणि कलम १६१ ची मुदत हातात शिल्लक असताना करा. साहेबांची बदली झाली तरी दावा त्यांच्या नावावर तसाच चालतो, नोटीस फक्त नव्या पत्त्यावर पाठवायची.